हौसेसाठी हेवी लायसन

चांगली नोकरी आहे, दारात स्वतःची मोटार आहे, घरात कुणाचा ट्रान्सपोर्टचा धंदा नाही, आणि तरीही ट्रक चालवायला शिकावं, त्याचं रीतसर लायसन काढावं, असं वाटणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. कुणी लहानपणी एसटीत ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून सारा प्रवास गिअरच्या दांड्याकडे बघत केलेला असतो. कुणाच्या वडिलांचा एकेकाळी ट्रक होता. कुणाला यंत्राचीच ओढ असते. ही आवड सांगितली की घरचे विचारतात, 'तू काय आता ट्रक चालवणार आहेस का?' प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कायदा अशा माणसाला लायसन देतो का, त्यासाठी काय शिकावं लागतं, आणि हातात आल्यावर त्याचं करायचं काय, या तिन्ही गोष्टी सहसा एकत्र तपासल्या जात नाहीत.

सुरुवात वजनापासून करावी लागते. मोटार वाहन कायदा 1988 नुसार भरलेल्या गाडीचं एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर ती हलकी, 12,000 किलोच्या वर असेल तर अवजड आणि मधली ती मध्यम. मालासहित वजन धरायचं, हे इथे महत्त्वाचं. टाटाच्या जुन्या गाड्यांवरचे आकडे वाचता आले की रस्त्यावर उभ्याउभ्याच अंदाज येतो. 1613 म्हणजे ढोबळमानाने 16 टन आणि 130 अश्वशक्ती, 407 म्हणजे 4 टन आणि 70 अश्वशक्ती. पहिली अवजड, दुसरी हलकी.

या हलक्या गाड्यांबाबत बरीच वर्षं घोळ होता. मोटारीचं लायसन असलेल्या माणसाने पिकअप किंवा 407 चालवली, अपघात झाला, की विमा कंपनी म्हणायची, 'ट्रान्सपोर्टची नोंद नाही, पैसे मिळणार नाहीत.' सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात हा वाद मिटवला. हलक्या वाहनाचं लायसन असलेली व्यक्ती 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. हौशी माणसासाठी हा निकाल फार कामाचा आहे. शेतातला माल स्वतःच्या पिकअपमधून बाजार समितीत न्यायचा असेल, मित्राचा छोटा टेम्पो घरसामान हलवायला चालवायचा असेल, तर हेवी लायसनची गरजच नाही. आधी स्वतःला विचारावं की आपल्याला नक्की कोणती गाडी चालवायची आहे. पुष्कळांची हौस 7,500 किलोच्या आतच भागते.

त्या रेषेपलीकडे मात्र कायदा एकदम मोठं दार उघडतो. 1988 च्या मूळ कायद्यात मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड मालवाहू, अवजड प्रवासी असे लायसनचे चार वेगळे वर्ग होते. 1994 च्या दुरुस्तीने ते काढून 'ट्रान्सपोर्ट व्हेइकल' असा एकच वर्ग केला. त्यामुळे आठ-नऊ टनांचा टेम्पो आणि 55 टनांपर्यंत वजन वाहणारा ट्रेलर या दोन्ही गाड्या कलमाच्या भाषेत एकाच नोंदीखाली येतात. प्रवासी गाडीसाठी वेगळा बिल्ला लागतो, ज्वलनशील आणि घातक मालाच्या टँकरसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, पण मधल्या पायऱ्या नाहीत. ही कायद्यातली खरी उणीव आहे असं मला वाटतं, आणि तिचा फटका हौशी शिकाऊला धंदेवाईक ड्रायव्हरपेक्षा जास्त बसतो. धंद्यातला पोरगा किन्नर म्हणून चढतो, वस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षं बसतो, आधी गाडी पुढेमागे घेतो, मग रिकामी चालवतो, मग भरलेली. कायद्याने काढून टाकलेल्या पायऱ्या तो धंद्यात चढतो. हौशी माणसाला त्या कुणी देत नाही. त्या त्याने स्वतः मागून घ्याव्या लागतात.

पात्रतेच्या अटी सोप्या आहेत. वय 20 पूर्ण हवं. हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. आठवी पास असण्याची जुनी अट 2019 मध्ये रद्द झाली. डॉक्टरांकडून फॉर्म 1-अ भरून घ्यावा लागतो. त्यात दिवसाच्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का, हातापायांत काही दोष आहे का, हे तपासायचं असतं. चष्म्याची अडचण नाही. 'सारथी' पोर्टलवर अर्ज करून शिकाऊ लायसन मिळवायचं, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. धंदा आहे का, नोकरी आहे का, ट्रक आहे का, असं कायदा कुठेही विचारत नाही. म्हणजे केवळ आवड म्हणून हेवी लायसन काढायला कायद्याची कसलीही हरकत नाही.

मोटारीपेक्षा एक अट जास्त आहे आणि साऱ्या प्रश्नाचा जीव तिच्यात आहे. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, म्हणजे फॉर्म 5, जोडल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लायसन मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हे प्रशिक्षण किमान 30 दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 15 तास असायला हवेत. शाळेच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूनेही ब्रेक आणि क्लच हवा. कागदावरची ही व्यवस्था चांगली आहे. वस्तुस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे भरले की दाखला, आणि चाचणीपुरती गाडी पुढे-मागे केली की काम झालं, अशा शाळा आहेत आणि त्यांच्याकडे गर्दीही आहे. पोटासाठी लायसन हवं असलेल्या तरुणाला दोष देणं मला जमत नाही. त्याला पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं असतं आणि एकेक दिवसाची मजुरी बुडत असते. हौसेने शिकणाऱ्याला ती घाई नाही. पूर्ण तीस दिवस मागण्याची मोकळीक त्याच्याकडे आहे, आणि शाळेने टाळाटाळ केली तर दुसरी शाळा शोधण्याचीही.

1 जुलै 2021 पासून आणखी एक वाट खुली झाली. केंद्राच्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या चालक प्रशिक्षण केंद्रांत मध्यम आणि अवजड वाहनांचा अभ्यासक्रम 38 तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा असतो, आणि तिथे सिम्युलेटर व चाचणीचा स्वतंत्र ट्रॅक असणं बंधनकारक आहे. पुण्याजवळ भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही 1967 पासूनची संस्था आहे आणि चालकांचं प्रशिक्षण हे तिच्या कामाचं एक अंग आहे. शाळा कोणतीही असो, नाव नोंदवण्याआधी तिची गाडी पाहावी. एअर ब्रेकची आहे की जुनी हायड्रॉलिक ब्रेकची, ट्रक आहे की बस, शिकवायला घाटात किंवा हायवेवर नेतात की फक्त मैदानात फिरवतात, हे विचारावं. बहुतेक ठिकाणी गाडी रिकामीच असते. हा मुद्दा पुढे येईलच.

मोटार चालवता येते म्हणून ट्रक लवकर येईल, हा समज पहिल्या काही दिवसांतच गळून पडतो. आताच्या ट्रकमध्ये चालक पुढच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही पुढे बसतो. मोटारीच्या सवयीने वळण घेतलं तर पुढचं तोंड सुखरूप जातं आणि मागची चाकं आत कापत फुटपाथवर चढतात. म्हणून आधी सरळ पुढे जायचं, मग वळायचं. मागे चाकांनंतर उरलेला सांगाडा उलट्या बाजूला झोकतो, तेव्हा वळताना त्या बाजूचा आरसाही बघायचा. आरसे हेच मागचे डोळे, कारण मागे काच नसते. आणि एवढे आरसे असूनही केबिनच्या डाव्या कुशीत आलेली दुचाकी, किंवा बंपरला चिकटून रस्ता ओलांडणारं माणूस, वरून दिसत नाही. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसणारा दुचाकीस्वार एकदा त्या सीटवर बसून आला तर पुन्हा तसं करणार नाही, याची मला खात्री आहे. हेवी लायसन कधी वापरलं नाही तरी या एका समजुतीसाठी ते शिकणं सार्थकी लागतं.

मग हवा. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. सकाळी इंजिन सुरू केलं की काटा वर येईपर्यंत थांबायचं, तोवर इशाऱ्याचा भोंगा वाजत राहतो. स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत हवा नसली तर मागची चाकं स्प्रिंगच्या जोरावर जखडलेली असतात आणि हवा भरल्यावरच ती सुटतात. उतारावर इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसर बंद पडतो, आणि ब्रेक दाबावा तशी टाकीतली हवा कमी होत जाते. न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर पडतो, ड्रम तापतात आणि पाय कितीही दाबला तरी लायनर पकडत नाहीत. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. डिझेल वाचवण्याच्या सवयीची ही किंमत आहे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा घाटातला जुना नियम खंबाटकी, कसारा, आंबा असे घाट चालवणारे वस्ताद पहिल्या दिवशी सांगतात. एक्झॉस्ट ब्रेक आल्यानंतरही तो तितकाच खरा आहे. शाळेने घाट दाखवला नाही तर शिक्षण अर्धंच राहिलं, असं मी मानतो.

दुसरा अर्धा भाग मालाचा. 2018 मध्ये केंद्राने धुरांवरील वजनाची मर्यादा वाढवली, आणि दहा टायरी ट्रक 25 टनांऐवजी 28.5 टनांपर्यंत भरता येऊ लागला. रिकामा असताना हाच ट्रक याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा असतो. रिकाम्या ट्रकवर शिकलेला माणूस भरलेल्या ट्रकमध्ये नवशिकाच असतो. गिअर वेगळ्या ठिकाणी बदलावे लागतात, थांबायला कितीतरी जास्त रस्ता लागतो, वळणावर उंच भरलेला कापूस किंवा उसाच्या मोळ्या गाडीला बाहेर ओढतात. अर्धा भरलेला टँकर त्याहून अवघड, कारण ब्रेक लावल्यावर आतला द्रव पुढे धावतो आणि थांबलेल्या गाडीला आणखी एक धक्का देतो. यातलं काहीही चाचणीच्या मैदानात दिसत नाही. म्हणून लायसन हातात आल्यावरही हौशी चालकाने काही काळ अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच चालवावं. कायदा हे सांगत नाही, पण वजन सांगतं.

ताकद लागते का? पॉवर स्टिअरिंग आल्यापासून फारशी नाही, जुन्या गाड्यांचा क्लच मात्र अजून पायाची परीक्षा घेतो. केरळात कोचीजवळच्या राधामणी अम्मांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बस आणि ट्रकपासून क्रेनपर्यंत 11 प्रकारच्या वाहनांचे परवाने त्यांच्याकडे आहेत आणि सत्तरी ओलांडल्यावरही त्या ड्रायव्हिंग स्कूल चालवत होत्या. तिथल्या बायकांना अवजड गाडीचं लायसन मिळणंच मुश्कील होतं त्या काळात, 1980 च्या दशकात, त्यांनी ते मिळवलं. महाराष्ट्रात एसटी महामंडळाने 2019 मध्ये यवतमाळमधून महिला चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं. हौसेने शिकू पाहणाऱ्या बाईला शाळेत अजूनही शंकेच्या नजरा झेलाव्या लागतात, पण कायद्यात तिच्यासाठी एकही वेगळी अट नाही.

आता खरा पेच. लायसन मिळालं, पुढे काय? मोटार विकत घेऊन मन मानेल तिथे फिरवता येते, ट्रक तसा फिरवता येत नाही. 3,000 किलोवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागतं. परमिटशिवाय रस्त्यावर आणली तर दहा हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. फिटनेसचा दाखला गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी लागतो. शिवाय कर आणि विमा. हौस म्हणून जुना ट्रक विकत घेणाऱ्याला हे सगळं धंदेवाल्यासारखंच सांभाळावं लागतं. म्हणून बहुतेकांसाठी शहाणपणाची वाट म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर, मालकाच्या संमतीने, दुसरा चालक म्हणून जाणं. पण आधी विम्याची पॉलिसी वाचावी. वैध लायसनचा कुणीही चालक तिच्यात बसतो, तरी अपघातात चालकाला स्वतःला मिळणारं संरक्षण बहुधा मालकाच्या पगारी माणसाचं असतं. पगार न घेणारा मित्र त्यात येतो का, हे लेखी विचारून घ्यावं.

अशा दुसऱ्या चालकाची गरज कुठे लागते, हे आपल्या राज्यात शोधावं लागत नाही. आषाढीला आळंदी-देहूहून पालख्या निघतात तेव्हा दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक असतात. तंबू, भांडी, शिधा, वारकऱ्यांच्या वळकट्या. दिंडी पोचायच्या आत मुक्कामावर तंबू उभे राहायला हवेत, म्हणून हे ट्रक रात्रीअपरात्री, गर्दीतून, अरुंद फाट्यांवरून हलतात आणि त्यांचे ड्रायव्हर जेमतेम झोपतात. तिथे लायसनचा आणि भरवशाचा एक जादा माणूस ही मोठी सेवा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला पूर आला तेव्हा गावोगावहून धान्य, कपडे, चारा यांचे ट्रक निघाले. अशा वेळी गाडी मिळते, डिझेलचे पैसे जमतात, थकलेल्या ड्रायव्हरच्या जोडीला बसणारा मिळत नाही. हौसेने काढलेलं लायसन इथे लोकांच्या कामी येतं.

परदेशात या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये अवजड वाहनाचं लायसन आणि धंद्यासाठी लागणारी व्यावसायिक पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी, बिनव्यापारी कामासाठी ट्रक चालवणाऱ्याला दुसरी लागत नाही. पण पहिल्यात सवलत नाही. वैद्यकीय तपासणी आणि चाचणी धंदेवाल्याइतकीच कडक असते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही हौस इथल्यापेक्षा सुटसुटीतपणे पुरवता येते. आपल्याकडेही अशी विभागणी करावी, म्हणजे चाचणी कडक ठेवून खासगी वापराला जागा द्यावी, आणि 1994 मध्ये गेलेल्या वजनाच्या पायऱ्या परत आणाव्यात.

एका गोष्टीची भीती अनेकांना असते. ट्रान्सपोर्टची नोंद केली की मोटारीच्या लायसनची मुदत कमी होते का? होत नाही. कार्डावर दोन वेगळ्या तारखा येतात. ट्रान्सपोर्टची नोंद पूर्वी तीन वर्षं चालायची, 2019 च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षं चालते. प्रत्येक नूतनीकरणाला पुन्हा फॉर्म 1-अ लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. सरकारी शुल्क किरकोळ आहे, खरा खर्च शाळेच्या फीचा.

आणखी एक गोष्ट या शिक्षणातून कळते, ती म्हणजे ट्रकवाल्यांचं जगणं. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा लिहिलेली होती. कोणत्याही ढाब्यावर ड्रायव्हरशी दहा मिनिटं बोललं की तिचं काय झालं ते समजतं. अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं व्हायला 1 ऑक्टोबर 2025 उजाडावा लागला, आणि तेही त्या तारखेपासून बनणाऱ्या गाड्यांना. विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनाच्या शेजारी बसून शंभर किलोमीटर चालवून पाहिलेला माणूस ट्रकवाल्यांबद्दल तोंड सांभाळून बोलतो.

माझं मत असं की हौसेसाठी हेवी लायसन जरूर काढावं, पण मिरवायचं कार्ड म्हणून नको. तुमची गाडी 7,500 किलोच्या आतली असेल तर या फंदात पडू नका. त्या रेषेपलीकडे जायचं असेल तर शाळेत पंधरा तास पूर्ण चालवल्याशिवाय फॉर्म 5 स्वीकारू नका, घाट आणि भरलेली गाडी मागून घ्या, आणि पहिल्या खेपेला शेजारी वस्ताद असल्याशिवाय किल्ली फिरवू नका.